अर्धवट राहिलेलं भाषण

(दहावी १९९६ बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधली आहेस, तर एआयवर बोल. आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहतील का जातील, तेवढं सांग." मी हो म्हणाले. दोन रात्री बसून टिपणंही काढली. पण तिसऱ्या रात्री मला आठवलं, की आपल्या शाळेच्या मैदानावर एक भाषण अर्धवट राहिलेलं आहे आणि ते पुरं करायची जबाबदारी माझ्यावर आहे. म्हणून संयोजकांची माफी मागते. एआयचं जेवताना बोलू.

तारीख होती १५ ऑगस्ट १९९४. आपण नववीत होतो. झेंडावंदन झालं, लेझीम झालं, मुलींचं समूहगीत झालं. मग हेडसरांनी सांगितलं, की आज गावातले माजी सैनिक, सुभेदार, दोन शब्द बोलतील. सुभेदार म्हणजे माझे वडील. घरी आम्ही त्यांना दादा म्हणायचो. तुम्ही त्यांना काय म्हणायचात तेही मला ठाऊक आहे. २६ जानेवारीच्या आधी आठ दिवस ते आपली परेड घ्यायला यायचे, मैदानावर स्वतः वाकून फक्कीच्या रेघा मारायचे आणि "परेड, थम!" असं म्हणायचे की चिंचेवरची पाखरं उडायची. त्यामुळे आख्ख्या शाळेत त्यांचं नाव 'थम' पडलं होतं.

त्या दिवशी दादा माइकसमोर उभे राहिले. अंगात कोट, छातीवर पदकं. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. माइकच्या मागं झेंडा होता, सॅल्यूट त्याला होता. पण आपल्याला दिसला तो माइक. तिथंच खसखस पिकली. मग ते बोलायला लागले. त्यांची भाषा अर्धी ईटची आणि अर्धी पलटणीतली. "मैं, म्हणजे मी, आज तुम्हाला राणेसाहेबांची कहाणी सांगणार. रोड ब्लॉक था, म्हणजे रस्ता बंद होता." आपण एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. पाच-सहा मिनिटं ते बोलले. "पहिल्याच दिवशी दोन जवान..." इथपर्यंत आले आणि थांबले. खाली बघत राहिले. अर्धा मिनिट गेला असेल. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "परेड, थम." आख्खी नववी हसली. दादांनी "जय हिंद" म्हटलं, टाच मारून मागं वळले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

हसणाऱ्यांत मी होते. आपल्याकडं कुणी बघू नये म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते.

मागून बोलणारा कोण होता ते मला तेव्हाही माहीत होतं. तो आज समोर बसला आहे. दोन वर्षांपूर्वी, २०२४ मध्ये दादा गेले, तेव्हा खांदा द्यायला तो पहिला आला होता. म्हणून त्याचं नाव घेत नाही. आपल्या दोघांचाही हिशेब आज एकदमच फेडते.

दादा बेचाळीसचे. गेले तेव्हा ८२ वर्षांचे होते. ते भाषण त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. आधी त्यांना राणेसाहेबांची कहाणी का सांगायची होती ते सांगते.

१९६२ च्या शेवटी चीनचं युद्ध झालं आणि गावोगाव भरती सुरू झाली. दादा वीस वर्षांचे होते. ईटहून निघाले, खर्डा, जामखेड करत नगरला पोचले आणि तिथून पुण्याजवळ खडकीला बॉम्बे इंजिनीअर ग्रुपमध्ये दाखल झाले. या पलटणीला 'बॉम्बे सॅपर्स' म्हणतात. सॅपरचं काम काय? पूल बांधायचे, रस्ते करायचे, शत्रूचे अडथळे उडवायचे आणि जमिनीत पुरलेले सुरुंग काढायचे. फौज पुढं जायच्या आधी सॅपर पुढं जातो. संगीन तिरकी धरून जमीन हळूहळू टोचत जायचं. टोकाला काही कडक लागलं की थांबायचं, हातानं माती बाजूला करायची. जेवढी वाट साफ झाली तेवढ्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी पट्टी लावायची. मागून येणाऱ्यानं पट्टीच्या आतून चालायचं. सॅपरची पहिली चूक हीच त्याची शेवटची चूक, हे रंगरुटाला पहिल्याच आठवड्यात सांगतात.

आणि सांगतात ती राणेसाहेबांची गोष्ट. दादा खडकीत शिकत होते तेव्हा राणेसाहेब नोकरीतच होते. उस्ताद म्हणजे शिकवणारा हवालदार. तो सांगायचा, हा माणूस तुमच्यासारखाच साधा जवान म्हणून भरती झाला होता.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव कारवारजवळचं चेंडिया. वडील पोलिसात शिपाई. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलाची शाळा या गावातून त्या गावात. १९३० साली गांधीजींची चळवळ जोरात होती. बारा वर्षांचा रामा तिकडं ओढला गेला. पोलिसाच्या घरात चळवळीतलं पोरगं! बापाला घोर लागला आणि त्यांनी कुटुंब परत चेंडियाला नेलं. हे दादा सांगायचे तेव्हा आई हमखास म्हणायची, "पोरं काय कुणाचं ऐकत्यात?"

१० जुलै १९४० ला राणे बॉम्बे इंजिनीअर्समध्ये भरती झाले. उत्तम रंगरूट म्हणून कमांडंटची छडी त्यांना मिळाली. मग ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आराकानमध्ये. एकदा फौज मागं येत असताना महत्त्वाची सामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती उडवायला राणे आणि त्यांचे जवान मागं राहिले. त्यांना न्यायला नौदलाचं जहाज येणार होतं, तो बेत फसला. जपान्यांची गस्त असलेली नदी रात्री ओलांडून त्यांनी आपली माणसं परत आणली. १५ डिसेंबर १९४७ ला ते सेकंड लेफ्टनंट झाले.

आता १९४८ चा एप्रिल. आपण तेव्हा भारतात नव्हतो. आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि सप्टेंबरमध्ये सुटायचा होता. तिकडं काश्मीरमध्ये लढाई चालू होती. १८ मार्चला आपल्या फौजेनं झांगर परत घेतलं होतं. आता नौशेराहून राजौरीला पोचायचं होतं. राजौरीत लोकांचे हाल चालले होते आणि एकेक दिवस मोलाचा होता. पण वाटेवर सुरुंग होते, मोठमोठी झाडं आडवी पाडलेली होती, मोऱ्या उडवलेल्या होत्या. रणगाडे पुढं जाईनात. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी घेऊन राणे रस्ता मोकळा करायला निघाले. ८ एप्रिलला डोगरा पलटणीनं बारवालीची टेकडी घेतली आणि त्याच्या पुढं राणेंचं काम सुरू झालं. काम सुरू होताच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा आला. पहिल्याच दिवशी दोन जवान ठार झाले आणि पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते.

दादा १९९४ साली इथंच थांबले होते.

ते विसरले, असं मला वाटलं होतं. तुम्हालाही वाटलं असेल. त्या संध्याकाळी आईला शेजारणीकडून सगळं कळलं. चुलीपुढं बसून तिनं मला विचारलं, "हसलीस म्हणं तू बापाला?" मी गप्प. मग तिनं जे सांगितलं ते दादांनी तिला आयुष्यात एकदाच सांगितलं होतं.

१९७१ च्या युद्धात दादा पश्चिम आघाडीवर होते. १७ डिसेंबरला युद्ध थांबलं. रेडिओवर विजयाच्या बातम्या, गावोगाव पेढे. पण जमिनीतल्या सुरुंगाला युद्धबंदी कळत नाही. तो तसाच वाट बघत पडून असतो. सॅपर लोकांचं काम पुढं कित्येक महिने चाललं. त्याच कामात, बहात्तरच्या जानेवारीत, दादांचा जोडीदार गेला. दादांपासून थोड्याच अंतरावर. सोलापूरकडचा होता, दादांच्याच वयाचा, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. दोघांचं ठरलं होतं की सुट्टी एकदम घ्यायची आणि बार्शीपर्यंत एकाच गाडीनं यायचं.

"दरसाल दिवाळीला आपल्या घरातून एक मनीऑर्डर बाहेर जाती," आई म्हणाली, "ती त्याच्या घरी जाती. मला कधी जड वाटलं न्हाई."

मी चौदा वर्षांची होते. त्या रात्री दादांची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. सकाळी ते नेहमीसारखे माझ्या सायकलच्या चाकात हवा भरत होते. मी दप्तर अडकवलं आणि निघाले. आज ज्या भाषणाला उभी आहे, ते भाषण म्हणजे ती राहिलेली माफी आहे.

तर दादा जिथं थांबले, तिथून पुढं.

जखमी होऊनही राणेसाहेब मागं गेले नाहीत. जखमेला पट्टी बांधली आणि काम चालू ठेवलं. पुढच्या वाटेत कुठं काय पुरलंय ते दिसेना आणि वरून गोळ्या चालू. तेव्हा ते रणगाड्याखाली शिरले. रणगाडा हळूहळू पुढं सरकतोय, त्याच्या पोटाखालून हा माणूस सरपटतोय. हातात दोरी, तिचं दुसरं टोक रणगाड्याच्या चालकाकडं. दोरी ओढून त्याला सांगायचं, थांब, चल, थांब. त्यांनी गाड्यांसाठी बाजूनं वळणाचा रस्ता काढला. नऊ तारखेला पुन्हा दिवसभर. दहाला आडवी पडलेली झाडं, उडवलेल्या मोऱ्या. एक अडथळा काढला की दुसरा. चिंगस गाठलं, अकराला त्याच्याही पुढची वाट मोकळी केली. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोचली.

२६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्राची स्थापना झाली. ते पदक घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं युरोपातल्या, लग्न करून मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात आलेल्या. ४७-४८ च्या काश्मीर लढाईसाठी पाच परमवीर चक्रं दिली गेली. त्या पाचांपैकी दोघंच ते पदक घ्यायला हयात होते. एक करमसिंग आणि दुसरे आपले राणेसाहेब.

गोष्टीच्या पुस्तकात हा धडा इथं संपतो. मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं की दादांना हेच सांगायचं होतं. पण नंतर मोठेपणी मी त्यांना एकदा विचारलं, की तुम्ही पुढं काय बोलणार होतात? ते म्हणाले, "पुढचंच तर महत्त्वाचं होतं. त्यासाठीच उठलो होतो."

झालं असं होतं, की राणेसाहेब ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. त्या १५ ऑगस्टच्या महिनाभर आधी. आपल्याकडं पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. आतल्या पानावर छोटी बातमी होती. दादांनी ती कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली. अजून आहे. वयाच्या पुढं त्यांनी पेन्सिलनं खूण केली होती. वर्षं ७६.

दादांचं म्हणणं असं होतं. चार दिवसांची बहादुरी सगळे सांगतात. पण त्या चार दिवसांनंतर हा माणूस ४६ वर्षं जगला. ती वर्षं त्यानं काय केलं? नोकरी केली. पाच वेळा युद्धवृत्तांतात नाव आलं, तरी नेमून दिलेलं काम करत राहिला. १९५५ साली राजेश्वरीबाईंशी लग्न केलं, संसार केला, मुलं वाढवली. २८ वर्षांच्या नोकरीनंतर १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाला. १९८४ मध्ये सरकारी जहाज कंपनीच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं. आपल्या नावाचं जहाज समुद्रात फिरतंय आणि आपण पुण्यात घरी आहोत! "अशा माणसाला घरचे काय म्हणत असतील?" दादा हसत विचारायचे, "दळण आणा, असंच म्हणत असतील की."

मृत्यूनंतरही त्यांचा मान वाढत गेला. २००६ मध्ये कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणेसाहेबांचं. ही शेवटची बातमी मी दादांना मोबाइलवर दाखवली होती. त्यांनी चष्मा लावून नकाशा बघितला, बेट दोन बोटांनी मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "रस्ता आहे का तिथं?"

मित्रमैत्रिणींनो, फौजी माणूस कुटुंबवत्सल असतो असं आपण सहज म्हणतो. श्रद्धांजलीच्या फलकावर लिहितोही. मला लहानपणी हे अजिबात पटत नव्हतं. दादा १९८८ ला निवृत्त होऊन कायमचे घरी आले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. तोवर ते वर्षातून दोन महिने यायचे. येताना काजू-बदाम, ट्रंक, बूट. मला ते पाहुण्यांसारखे वाटायचे. त्या वेळीही तसंच वाटलं. दोन महिने झाले, तीन झाले, ट्रंक काही हलेना. मी त्यांच्यासमोरच आईला विचारलं, "हे कधी जाणार?" आई पदर तोंडाला लावून हसली. दादा उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले, तेव्हा त्यांच्या हातात कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा होता. मला लाच दिली त्यांनी.

जो माणूस सव्वीस वर्षं घरात नव्हता त्यानं घर कसं सांभाळलं, याचं उत्तर मला आईकडून मिळालं. बहात्तरचा दुष्काळ. दादा सीमेवर सुरुंग काढत होते, आई इथं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मिलोची भाकरी आणि सुकडी. मोठा भाऊ तिच्या काखेत. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची आणि कुपनावर जागा असेल तेवढं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा. "बैल विकू नको. पोराला शाळेत घाल. मी बरा आहे." आई म्हणायची, "त्यो तिकडं रस्ता साफ करत होता, मी हिकडं रस्त्याची खडी फोडत होते. दोघं एकाच कामावर होतो."

हे मी तुमच्यापुढं बोलते, कारण तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या वर्गातली कितीतरी बाकं दिवाळीनंतर रिकामी व्हायची. तुमचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. काही जण आजीजवळ राहून शिकलात, काही जण कोपीवरून थेट परीक्षेला आलात. घरापासून लांब राहून घर चालवणं म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.

किल्लारीच्या भूकंपाची रात्र सगळ्यांना आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते. दादांनी आम्हाला अंगणात आणलं, कंदील घेऊन प्रत्येक भिंत बघितली आणि मागच्या भिंतीला तडा दिसला तिथून चार हात अंतरावर फक्कीची रेघ मारली. "हिच्या पलीकडं कुणी जायचं नाही." मग आमच्या गल्लीतल्या घराघरात जाऊन तेच केलं. दुसऱ्या दिवशी पहार, दोर आणि बॅटरी घेऊन ट्रकनं सास्तूरकडं गेले. आई चिडली होती. "आता कुठं घरी आलाय, तर पुन्हा लोकांची घरं." ते दहा दिवसांनी परतले. आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मागची भिंत उतरवायला घेतली आणि दिवाळीच्या आत पुन्हा बांधली. ती भिंत अजून उभी आहे.

दहावीनंतर मी बार्शीला गेले, मग इंजिनीअरिंगला. घरात विरोध होता. पोरीला इतकं लांब कशाला, असं भावकी म्हणत होती. दादांनी फॉर्म भरला, माजी सैनिकाच्या पाल्याचा दाखला आणायला धाराशिवला तीन खेपा घातल्या आणि वसतिगृहाच्या फाटकाशी मला सोडताना म्हणाले, "इंजिनीअर म्हणजे सॅपरच." त्यांना वाटायचं मी पूल बांधते. पुण्यात नोकरी लागल्यावर मी त्यांना समजावलं, की दादा, मी प्रोग्राम लिहिते, त्यातल्या चुका शोधते. एक सापडली की दुरुस्त करायची, मग पुढची. ते म्हणाले, "मग वेगळं काय सांगितलं मी?"

२०१३ साली आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी म्हटलं, दोघं पुण्याला चला. आई म्हणाली, मला माझ्या अंगणात राहू दे. दादा तेव्हा ७१ वर्षांचे होते. ते भाकरी करायला शिकले. पहिले दोन महिने भाकरी कुठल्या आकाराची व्हायची ते विचारू नका. आई खाटेवरून सूचना द्यायची आणि हे "जी" म्हणायचे. भिंतीवर कागद चिकटवला होता. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलायच्या वेळा, मालिश, व्यायाम. प्रत्येक वेळेपुढं पेनानं बरोबरची खूण. पलटणीच्या ड्यूटीच्या तक्त्यासारखा. सहा वर्षं तो तक्ता चालला. २०१९ मध्ये आई गेली. तिच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही. गावातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की एवढी निगा मी दवाखान्यातही बघितलेली नाही.

त्या सहा वर्षांत मी दोन महिन्यांतून एकदा यायचे. शनिवारी सकाळी पोचायचे, रविवारी दुपारी निघायचे. येताना काजू-बदाम, औषधं, बॅग. दादा दारातच विचारायचे, "सुट्टी किती दिवस?" त्यात टोमणा नव्हता. फौजी माणसाची ती पहिली चौकशी असते. पण मला दर वेळी माझाच जुना प्रश्न ऐकू यायचा. हे कधी जाणार?

दादा गेल्यावर मी ट्रंक उघडली. पदकं होती, राणेसाहेबांची बातमी होती आणि रबरानं बांधलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. आमच्या घरच्या नव्हेत, सोलापूरकडच्या. पहिली १९७२ च्या दिवाळीची, ५० रुपयांची. पुढं रक्कम वाढत गेली. शेवटची २००४ ची. तिच्या मागं लिहिलं होतं, "मुलगा नोकरीला लागला. आता नको म्हणतो." म्हणजे ते मूल जोडीदाराचं होतं. तो गेला तेव्हा बहुधा पोटात असेल. बत्तीस वर्षं हा माणूस दोन घरांची वाट साफ करत होता आणि आम्हा पोरांना एकाच घराचं माहीत होतं.

एवढंच सांगायचं होतं. राणेसाहेबांची गोष्ट इतिहासात आहे, ती राहील. सुभेदारांची गोष्ट मी सांगितली नसती तर आमच्या मागच्या भिंतीबरोबर पडून गेली असती.

आपल्या ईटमध्ये आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर अजून म्हातारे फौजी आहेत. काही घरांत ते नाहीत, त्यांच्या बायका आहेत. पासष्ट आणि एकाहत्तर पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत. माझी विनंती आहे की उद्या सकाळी आपापल्या गावी परतण्याआधी, ज्यांच्या गल्लीत असं कुणी आहे, त्यांनी तासभर त्यांच्याजवळ जाऊन बसावं. लढाईचं विचारलं नाही तरी चालेल. मनीऑर्डरचं विचारा, सुट्टीचं विचारा, घरी कायमचं आल्यावर पोरांनी ओळखलं का ते विचारा. ते बोलता बोलता थांबले, तर थांबू द्या. आपण त्या वेळी थांबलो नव्हतो.

आणि हेडसर, आपण त्या दिवशी दादांना बोलायला उठवलंत, त्याबद्दल बत्तीस वर्षांनी आपले आभार मानते. भाषण पुरं झालं.

जय हिंद.